गॅरेजात नेली की गाडी बरी का होते?

रात्री पावसात हेडलाइट दोन सेकंद गेले आणि परत आले. आठवड्याने पुन्हा तसंच. सकाळी गाडी वायरिंगवाल्याकडे नेली, त्याने स्विच दाबला, तर सगळे दिवे लख्ख. त्याने बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिले, ‘काहीच नाही हो’ म्हणून गाडी परत दिली. जुना ट्रक किंवा टेम्पो बाळगणारा माणूस मग विचारतो: रस्त्यावर दिसणारा बिघाड गॅरेजात जातो कुठे?

तो कुठेही जात नाही. बिघाड गाडीतच असतो, पण तो दिसायला जी परिस्थिती लागते ती गॅरेजात नसते. तिथे खड्डा नसतो, ओल नसते, इंजिन तापलेलं नसतं आणि बहुतेक वेळा सगळे दिवे एकदम लावलेलेही नसतात. पासिंगच्या दिवशीही हेच होतं. व्यावसायिक वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पेणच्या परिवहन कार्यालयात एम.एच. ०६ ची गाडी उभी राहते, दिवे लागतात, हॉर्न वाजतो, कागद मिळतो. तपासणी खरी असते आणि बिघाडही खरा असतो. दोघांची गाठ पडलेली नसते, इतकंच.

ही गाठ मुद्दाम घालून द्यायची म्हणजेच असा बिघाड शोधायचा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. एक मल्टिमीटर, एक बल्ब, दोन लांब वायरी आणि विजेबद्दल तीन साध्या गोष्टी माहीत असल्या की बरंच काम होतं.

१. डिझेल इंजिनाला वीज लागते तरी कशाला?

पेट्रोल इंजिनाला प्रत्येक ठिणगीसाठी वीज लागते. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग इथे जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं तत्त्व आजही तेच आहे. हवा इतकी दाबायची की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, मग तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. जुन्या ट्रकमध्ये फवाऱ्याचा पंप इंजिनच फिरवतं. १९५४ मध्ये टाटांनी डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले, तेव्हापासून १९८६ च्या टाटा ४०७ पर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं आपल्या रस्त्यांवरच्या गाड्या याच यांत्रिक पंपावर चालल्या.

म्हणजे सेल्फ मारून इंजिन एकदा सुरू झालं की पुढे त्याला विजेची गरज उरत नाही. दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर, काटे यांना वीज लागते, इंजिनाला नाही. म्हणूनच जुन्या डिझेल गाडीतला विजेचा बिघाड अंगावर काढला जातो. दिवसा गाडी धावत असते, माल पोहोचत असतो. दुरुस्ती पुढच्या आठवड्यावर जाते आणि नेमक्या श्रावणातल्या रात्री दिवे जातात.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. खूप जुन्या गाड्यांत इंजिन बंद करायला हाताने खेचायची केबल असते. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत तिच्या जागी सोलेनॉइड आला. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं: त्यातून वीज वाहिली की आतला लोखंडी दांडा ओढला जातो. काही गाड्यांत या वेटोळ्याला वीज मिळत असेपर्यंतच पंप डिझेल सोडतो. अशा गाडीत सोलेनॉइडची वायर सैल असली तर चालतं इंजिन डिझेल संपल्यासारखं बंद पडतं. ड्रायव्हरला वाटतं एअर धरली. तो खाली उतरतो, पंपाचा स्क्रू सैल करून एअर काढतो, तेवढ्यात हात लागून वायर जागेवर बसते, इंजिन सुरू होतं. सगळ्यांची खात्री पटते की एअरच होती. पुढच्या खेपेला तेच. अशा वेळी चावी चालूच ठेवून आधी सोलेनॉइडच्या वायरला बल्ब लावून बघावा. वीज पोहोचत असेल तर खुशाल डिझेलच्या वाटेला जावं.

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं आणि ट्रकांत इंजिनाचा कारभार झपाट्याने संगणकाकडे जाऊ लागला. त्या गाड्यांची तपासणी वेगळी आहे. इथे जे सांगतो आहे ते त्याआधीच्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांबद्दल.

२. मिठागरातलं पाणी

व्होल्ट, अँपिअर आणि ओहम हे तीन शब्द समजल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते समजायला पेण-उरण भागातली मिठागरं डोळ्यांपुढे आणावीत.

उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी साठवणीच्या तळ्यात घेतात. तिथून ते चरातून खालच्या वाफ्यांत सोडतात. तळं आणि वाफा यांच्या पातळीत जितका फरक, तितका पाण्याला जोर. हा फरक म्हणजे व्होल्ट. चरातून प्रत्यक्ष किती पाणी वाहतं ते अँपिअर. चरात साठलेला गाळ, पडलेली ढेकळं, अरुंद झालेली जागा म्हणजे ओहम, अर्थात अडथळा. जोर तोच राहिला आणि अडथळा वाढला तर पाणी कमी वाहतं. गेओर्ग ओहम याने १८२७ मध्ये विजेबद्दल नेमकं हेच मांडलं: अडथळ्यावर खर्च होणारे व्होल्ट म्हणजे वाहणारे अँपिअर गुणिले ओहम.

आता या चित्रातली खरी कामाची गोष्ट. समजा चराच्या मध्यावर गाळाचा बंधारा झाला आहे आणि खालची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, बंद आहे. पाणी गाळातून झिरपत राहील आणि थोड्या वेळाने गाळाच्या दोन्ही बाजूंना पातळी सारखी होईल. कोणी काठी बुडवून मोजली तर म्हणेल, चर मोकळा आहे. उघाडी उघडा. गाळाच्या वरच्या बाजूला पाणी तसंच राहील, खालच्या बाजूचं झपाट्याने उतरेल. अडथळा तोच होता, पण पाणी वाहायला लागल्यावरच तो दिसला.

३. मीटर बारा व्होल्ट दाखवतं, तरी दिवा का लागत नाही?

वायरिंग तपासताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते. हेडलाइटचा कपलर काढतात, त्यात मीटरच्या पिना लावतात, १२.६ व्होल्ट दिसतात आणि ‘करंट येतोय’ असा निकाल लागतो. पण कपलर काढला म्हणजे उघाडी बंद केली. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा अडथळा सुमारे एक कोटी ओहम असतो. त्यातून एका अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाइतका प्रवाह जातो. वाटेत १,००० ओहमचा गंजलेला जोड असला तरी एवढ्याशा प्रवाहाने त्याच्यावर एक व्होल्टाचा हजारावा भाग खर्च होणार. मीटरला तो दिसणारच नाही. त्याच जोडातून बल्ब लावायला गेलं तर साधी लालीसुद्धा येणार नाही.

हिशेब करून बघू. हेडलाइटचा बल्ब ५५ वॅटचा. ५५ भागिले १२, म्हणजे साधारण ४.६ अँपिअर. पेटलेल्या बल्बाचा अडथळा साधारण २.६ ओहम. वाटेतल्या एका जोडात फक्त अर्धा ओहम वाढला, तर प्रवाह ३.९ अँपिअरवर येतो आणि जोडावरच जवळपास २ व्होल्ट खर्च होतात. बल्बाला उरले १०. व्होल्ट सहावा हिस्सा कमी झाले म्हणून उजेडही तेवढाच कमी होतो असं नाही. तारेच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घसरतो, तो निम्म्याच्या आसपास येतो. ड्रायव्हर म्हणतो दिवे पिवळे झाले, मालक नवे बल्ब आणतो, आणि नवे बल्बही पिवळेच दिसतात.

सेल्फचा हिशेब याहून बोलका आहे. मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो. ४०० धरू. बॅटरीच्या टर्मिनलवर अडथळा वाढून ०.००५ ओहम झाला, म्हणजे कोणत्याही साध्या मीटरला ओहम म्हणून मोजता येणार नाही इतका कमी. ४०० गुणिले ०.००५ म्हणजे २ व्होल्ट त्या टर्मिनलवरच संपले. शिवाय ८०० वॅट उष्णता तिथे तयार होते. म्हणून सेल्फ मारून झाल्यावर टर्मिनलला आणि जाड केबलच्या थिंबलला सावधपणे हात लावून बघण्याची जुन्या मेस्त्रींची सवय अगदी शास्त्रशुद्ध आहे. जे टोक गरम लागेल ते दोषी.

तेव्हा नियम असा ठेवायचा: दिवा लावलेला ठेवूनच मोजायचं, आणि वायरच्या टोकाला किती व्होल्ट आहेत हे न बघता वाटेत किती खर्च झाले ते बघायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बाच्या प्लसच्या पिनेवर. बल्ब पेटलेला. वाट निरोगी असेल तर मीटर थोडेच, अर्ध्या व्होल्टाच्या आत दाखवेल. दोन व्होल्ट दाखवले तर दोन व्होल्ट वाटेत सांडताहेत.

मीटर नसेल तर साधा टेस्टिंग बल्ब घ्यावा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे तो खरोखर उघाडी उघडतो. रस्त्याच्या कडेला बसून बल्ब आणि दोन वायरींवर काम करणाऱ्या माणसाला कमी लेखू नये. या कामात त्याचा बल्ब महागड्या मीटरपेक्षा अनेकदा खरं उत्तर देतो. फक्त संगणक असलेल्या नव्या गाडीच्या बारीक वायरींना तो लावायचा नाही.

४. परतीची वाट

घरातल्या दिव्याला दोन वायरी जातात. ट्रकच्या दिव्याला बहुधा एकच जाते. परतीचं काम चासिस करते. बॅटरीचं मायनस टोक लोखंडाला जोडलेलं असतं आणि प्रत्येक दिव्याचं मायनस जवळच्या लोखंडाला. यालाच आपण अर्थ म्हणतो.

यात वायर वाचते, पण केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, इंजिनही रबरावर. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन ते चासिस आणि केबिन ते चासिस अशा विणलेल्या तांब्याच्या पट्ट्या असतात. कधी काळी गिअरबॉक्स उतरवताना ती पट्टी काढली जाते आणि परत लावायची राहते, किंवा रंग मारलेल्या पृष्ठभागावर बोल्ट आवळला जातो. लगेच काही बिघडत नाही. वीज दुसरी वाट शोधते: क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, एखादा पाइप. या वाटा कधी लागतात, कधी सुटतात.

अर्थ गेल्याची लक्षणं चमत्कारिक असतात आणि ती ओळखता आली तर अर्धा दिवस वाचतो. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो. इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवा त्याच तालावर मंद होतो. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा वर चढतो, बंद केले की खाली येतो. ॲक्सिलरेटरची केबल सेल्फ मारताना गरम होते. दोन असंबद्ध गोष्टी एकमेकींच्या तालावर नाचू लागल्या की त्यांच्या परतीच्या सामाईक वाटेवर जावं. एका दिव्याला अर्थ मिळत नसला की त्याची वीज शेजारच्या दिव्याच्या तारेतून उलटी फिरून घर गाठते, म्हणून तो शेजारीही अर्धवट पेटतो.

तपासणी तीच. दिवे लावायचे, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस शिशावर, दुसरी दिव्याच्या मायनसवर किंवा केबिनच्या पत्र्यावर. ०.१ किंवा ०.२ व्होल्ट ठीक. एक व्होल्ट आला तर पट्टी शोधा.

५. मिठाची हवा आणि खड्ड्यांचा रस्ता

एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेले दोन ट्रक घ्या. एक सोलापूरकडे चालला, एक पेण, वडखळ, नागोठणे, रोहा या पट्ट्यात. दहा वर्षांनी दुसऱ्याचं वायरिंग आधी म्हातारं झालेलं असतं. याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आणि खारेपाट आहे. वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात आणि वायरींच्या टोकांवर बसतात. कोरडं मीठ विजेला वाट देत नाही, तांब्यालाही फारसं खात नाही. पण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असतात, ते तर याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी धरतात. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे गाडीवर थेंबही न पडता कपलरच्या आत खारट ओल तयार होते. थंडीत हवा कोरडी झाली की तीच ओल सुकते आणि बिघाड गायब होतो. ‘दिवाळीनंतर आपोआप नीट झाली’ असं सांगणारे मालक खोटं सांगत नसतात.

अशी वायर उघडून पाहावी. बाहेरचं प्लास्टिक शाबूत असतं, फक्त टोकाजवळ किंचित फुगलेलं. सोललं की आत तांब्याचा लालसर चकाकता रंग दिसत नाही. तारा काळ्या पडलेल्या असतात, बोटांत चोळल्या तर हिरवट पूड सुटते, आणि वाकवल्या तर करकरत मोडतात. एकमेकींना चिकटून असलेल्या बारीक तारांमधून पाणी केशाकर्षणाने पुढे सरकत जातं, म्हणून कपलरपाशी सुरू झालेली काळी लांबी वीतभर आतपर्यंत सापडते. कपलरवर स्प्रे मारून हा आजार जात नाही. स्वच्छ तांबं लागेपर्यंत वायर कापावीच लागते.

त्यात रस्ता. मुंबई-गोवा महामार्गाच्या या टप्प्यावर रुंदीकरणाची कामं वर्षानुवर्षं चालली, आणि सुकेळी खिंडीतून किंवा नागोठण्याहून भिसे खिंडीमार्गे रोह्याकडे जाताना वळणं आणि चढ-उतार गाडीचा प्रत्येक नट तपासून घेतात. चासिसच्या भोकातून जाणाऱ्या वायरींच्या जुडग्याभोवती रबरी ग्रोमेट असतो. तो कडक होऊन गळून पडला की पत्र्याची कड प्रत्येक हादऱ्याला वायर घासते.

पेणचे गणपती ज्या दिवसांत मुंबई-पुण्याकडे आणि कोकणात रवाना होतात, ते नेमके ऐन पावसाळ्याचे दिवस. मागे हौद्यात मूर्ती, वर ताडपत्री, समोर धुवांधार पाऊस आणि जुन्या टेम्पोचे दिवे मधेच जाताहेत, ही गंमत नव्हे. अशा गाड्यांचं वायरिंग मे महिन्यातच उघडलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

६. ड्रायव्हरला काय विचारायचं?

गाडीला हात लावण्याआधी ड्रायव्हरशी बोलावं. बहुतेक ठिकाणी मालक बोलतो आणि ड्रायव्हर बाजूला उभा राहतो. बिघाड मात्र ड्रायव्हरने पाहिलेला असतो.

चार गोष्टी काढून घ्यायच्या: ऊब, हादरा, ओल, भार. गाडी तापल्यावर होतं की थंड असताना? खड्ड्यात होतं की सरळ रस्त्यावर? पावसात किंवा धुतल्यावर? दिवे, वायपर, पंखा सगळं चालू असताना? आणि पाचवा प्रश्न, जो हमखास राहून जातो: त्याच क्षणी आणखी काय काय बंद पडलं आणि काय चालू राहिलं? ‘करंट गेला’ एवढ्यावर समाधान मानू नये. हॉर्न वाजत होता का? डॅशबोर्डचे दिवे होते का? एकच हेडलाइट गेला असेल तर दोष त्या दिव्याजवळ. दोन्ही गेले पण पार्किंग दिवे राहिले तर दोष हेडलाइटच्या स्विचकडे किंवा त्याच्या फ्यूजकडे. सगळंच एकदम गेलं तर दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर. एवढ्यावर तीन-चतुर्थांश गाडी तपासातून वगळता येते.

मग ती परिस्थिती गॅरेजात आणायची. ओल हवी असेल तर फवाऱ्याच्या बाटलीने एकेका कपलरवर पाणी, एकदम पाइपने नव्हे. हादरा हवा असेल तर हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके आणि जुडगं हाताने हलवणं. ऊब हवी असेल तर हेअर ड्रायर. तापण्याचा परिणाम किती असतो तेही पाहा: तांब्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. इंजिनाशेजारच्या सेल्फच्या सोलेनॉइडचं वेटोळं ८० अंशांनी तापलं तर त्याचा अडथळा जवळपास एक-तृतीयांशाने वाढतो आणि ओढ कमी होते. सकाळी एका सेल्फात सुरू होणारी गाडी नागोठण्याला चहाला थांबल्यावर नुसतं ‘टिक्’ करते आणि अर्ध्या तासाने मुकाट सुरू होते, त्यामागे बहुधा हे वेटोळं आणि त्याला आधीच कमी व्होल्ट पोहोचवणारा जुना स्विच अशी जोडगोळी असते.

७. एक गाडी, चार मापं

समजा १२ व्होल्टची एक जुनी गाडी आहे. ड्रायव्हर सांगतो: पावसात, खड्ड्यात, रात्री सगळे दिवे आणि डॅशबोर्ड क्षणभर जातात. इंजिन चालू राहतं. दिवसा कधीच होत नाही. सेल्फ मात्र कायम दणक्यात बसतो.

आधी विचार. सगळं एकदम जातं, म्हणजे वाट सामाईक. सेल्फ उत्तम आहे, म्हणजे बॅटरी आणि तिची दोन्ही टर्मिनलं जवळपास निर्दोष, कारण त्यातून शेकडो अँपिअर जाताहेत. उरली ती सेल्फच्या बोल्टपासून केबिनपर्यंत येणारी मुख्य वायर, किंवा केबिनचा अर्थ. दिवसा होत नाही, कारण दिवसा दिवे लावलेले नसतात, भार नसतो.

आता मापं. सगळे दिवे आणि वायपर चालू करून साधारण १५ अँपिअर वाहते केले. बॅटरीचं मायनस ते केबिनचा पत्रा: ०.१५ व्होल्ट. अर्थ सुटला. बॅटरीचं प्लस ते फ्यूज बॉक्सची सुरुवात: १.६ व्होल्ट. इथेच कुठेतरी. पुढे एकेक जोड क्रमाने उघडत बसायचं नाही, वाट मध्यावर कापायची. केबिनच्या भिंतीवरच्या कपलरपर्यंत मोजलं: १.५. म्हणजे कपलरनंतरचा अर्धा भाग सुटला. सेल्फच्या बोल्टपर्यंत मोजलं: ०.१. म्हणजे १.४ व्होल्ट बोल्ट आणि कपलर यांच्यामधल्या वायरीतच जातात. दर मापाला उरलेली वाट निम्मी होते. सोळा जोड असले तरी चार मापांत एकावर येता येतं.

१५ अँपिअर आणि १.४ व्होल्ट म्हणजे २१ वॅट. ब्रेकचा दिवा जितकी वीज खातो तितकी वीज त्या वायरीत कुठेतरी नुसती उष्णता होते आहे. हाताने चाचपत गेलं की चासिसच्या भोकाजवळ टेप गुंडाळलेला, कोमट, चिकट फुगवटा लागतो. टेप सोडवला की आत पिळून जोडलेल्या दोन वायरी. कधीतरी कोणीतरी घाईत केलेला जोड, अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या, उरलेल्या काळ्या. मोठ्या खड्ड्यात तो क्षणभर पूर्ण सुटत होता.

आणि गॅरेजात काहीच वाढीव दिसलं नाही तर? मग मीटर रस्त्यावर न्यायचं. दोन लांब वायरी संशयित वाटेच्या दोन टोकांना लावून मीटर केबिनमध्ये, सोबत्याच्या हातात. त्याहून सोपी एक युक्ती मला फार आवडते: संशयित वाटेच्या दोन टोकांना एक लहान ५ वॅटचा बल्ब लावून तो ड्रायव्हरसमोर टांगायचा. वाट चांगली असेल तर दोन्ही टोकांना व्होल्ट सारखे, बल्ब विझलेला. वाट तुटली की सगळा जोर बल्बावर येतो आणि गाडीचे दिवे ज्या क्षणी जातात त्याच क्षणी हा पेटतो. पेटला नाही, तर ती वाट निर्दोष आणि बल्ब पुढच्या वाटेवर हलवायचा.

८. मधूनच उडणारा फ्यूज

इथे वाट तुटत नाही, प्लसची वायर कुठेतरी लोखंडाला टेकते. फ्यूज उडतो, नवा घालतात, तीन दिवस चालतो. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद लावतो. हे करू नये, कधीच करू नये. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो जाडजूड केला की पुढच्या वेळी वायर पेटते, आणि वायरबरोबर केबिन.

फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब लावावा. वायर लोखंडाला टेकली तरी बल्बातून साधारण साडेचार अँपिअरच जातील, काही जळणार नाही, फक्त बल्ब पूर्ण तेजाने पेटेल. तो पेटलेला ठेवून जुडगं हातभर अंतराने हलवत जायचं. ज्या ठिकाणी हलवल्यावर बल्ब मंदावतो किंवा विझतो, तिथे वायर घासलेली आहे.

९. दोन सवयी आणि मजुरीचा प्रश्न

चार्जिंग होतंय का हे बघायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढायची पद्धत डायनामोच्या काळात चालून गेली. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. भार एकदम तुटला की व्होल्टेज उसळतं आणि ते जळतात. मीटर लावावं: इंजिन चालू असताना १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.४, चोवीसच्या गाडीत याच्या दुप्पट.

चोवीस व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या एकापुढे एक असतात. टेप वाजवायला खालच्या एकाच बॅटरीतून बारा व्होल्ट काढले की ती रोज थोडी जास्त रिकामी होते आणि दुसरी जास्त भरली जाऊन उकळते. काही महिन्यांनी सेल्फ कधी उचलतो, कधी नाही. त्यासाठी चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो बसवावा.

मालकांना एक सांगायचं आहे. नव्या अल्टरनेटरचे पैसे आपण न कुरकुरता देतो. पण दोन तास मोजमाप करून एक वीतभर वायर बदलणाऱ्याला ‘एवढंच तर केलंस’ म्हणतो. मग तोही पुढच्या वेळी मापं घेत नाही, पार्ट बदलतो. आधी बॅटरी, मग अल्टरनेटर, मग स्विच, आणि बिघाड तसाच. शोधण्याची मजुरी वेगळी ठरवावी आणि ती खुशीने द्यावी. जुन्या गाडीला याहून स्वस्त दुसरं काही नाही.

१०. जोड कसा करायचा

चकाकतं तांबं लागेपर्यंत वायर कापायची. तेवढ्याच किंवा अधिक जाडीची वायर घ्यायची, योग्य मापाचं थिंबल दाबयंत्राने दाबायचं, पकडीने चेपायचं नाही. वर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवायची, म्हणजे ओल आत शिरत नाही. कथिलाने डाग दिला तर एक लक्षात ठेवावं: कथिल तारांमध्ये जिथवर झिरपतं तिथवर वायर ताठ होते आणि हादऱ्याने बरोबर त्याच्या काठावर मोडते. म्हणून डाग दिलेला जोड दोन्ही बाजूंनी चासिसला बांधलाच पाहिजे. भोकात नवा ग्रोमेट. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून, आवळून, मग वरून ग्रीस.

शेवटी तीच मापं, तेच दिवे लावून, पुन्हा घ्यावीत आणि गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावीत: बॅटरी ते फ्यूज बॉक्स इतके, बॅटरी ते केबिन इतके. पुढच्या वर्षी पासिंगला नेण्याआधी पाच मिनिटांत ती परत घेता येतात. ०.२ चे ०.६ झालेले दिसले, तर दिवे जाण्याआधीच तो जोड उघडता येतो.